बार्सिलोना पायाखाली घाल

रत्नागिरी

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

बार्सिलोनाच्या मासळी प्रदर्शनाला कंपनी तुला पाठवते आहे, हे तुझ्या आईने फोनवर सांगितलं आणि लगेच काळजीचा पाढाही वाचला. एकटी मुलगी, भाषा येत नाही, हरवली तर काय करायचं. तिची समजूत मी घातली आहे. तू हरवशील अशी भीती मला वाटत नाही. हॉटेल, प्रदर्शन, पुन्हा हॉटेल एवढंच करून तू परत येशील, ही भीती मात्र वाटते.

आपल्या मासळी-निर्यातीच्या धंद्यात असे लोक मी पुष्कळ पाहिले. वर्षानुवर्षं युरोपच्या वाऱ्या करतात, पण आपलं म्हाकूल तिथे कोण घेतं, कसं शिजवतं, कुठल्या दुकानात काय भावाने मिळतं, हे विचारलं की गप्प होतात. कंटेनरचं वजन, ग्लेझिंगची, म्हणजे मालावरच्या बर्फाच्या थराची टक्केवारी, डॉलरचा भाव सगळं तोंडपाठ असतं. ज्याच्या ताटात माल जातो तो माणूस मात्र कधी पाहिलेला नसतो. म्हणून सांगते, प्रदर्शनाबाहेरचे तास सुट्टीचे समजू नकोस. कामाचा निम्मा भाग तिथेच आहे, असं माझं ठाम मत आहे.

वेळ भरपूर आहे. हे प्रदर्शन पूर्वी ब्रुसेल्सला भरायचं, २०२२ पासून ते बार्सिलोनाच्या फिरा ग्रान व्हिया या प्रदर्शन केंद्रात भरतं. तीन दिवस हॉलमध्ये चालून पाय दुखतील, पण संध्याकाळी सहाच्या सुमारास सगळं आवरतं आणि एप्रिलअखेर तिथे सूर्य मावळायला साडेआठ वाजून जातात. खोलीवर जाऊन पाठ टेकलीस की संपलं. त्यामुळे चालायचे बूट सकाळीच पायात घाल आणि हॉलमधून थेट बाहेर पड. शिवाय त्यांचं घड्याळ त्या दिवसांत आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतं. पहाटे चारला टक्क जाग येईल, कारण अंगाच्या हिशेबाने साडेसात वाजलेले असतात. तेव्हा मेल लिहून टाक आणि संध्याकाळ मोकळी ठेव.

आता दिशांबद्दल. तू रत्नागिरीत वाढलीस. समुद्र पश्चिमेला आणि सह्याद्री पूर्वेला, हे तुझ्या अंगात इतकं मुरलंय की तुला त्याचा विचारही करावा लागत नाही. बार्सिलोनालाही एका अंगाला समुद्र आणि दुसऱ्या अंगाला डोंगर आहे, पण उलटा. समुद्र आग्नेयेला, कोल्सेरोलाचा डोंगर वायव्येला. तिथे सूर्य समुद्राच्या बाजूने उगवतो आणि डोंगराआड जातो. पहिल्या दिवशी तू हटकून चुकीच्या बाजूला वळशील. त्यावर उपायही तिथल्याच लोकांचा आहे. तेही रस्ता सांगताना समुद्राकडची बाजू आणि डोंगराकडची बाजू असंच सांगतात. चौकाचा कुठला कोपरा, तर ‘मार’, म्हणजे समुद्राकडचा, नाहीतर ‘मुंतान्या’, म्हणजे डोंगराकडचा. तिबिदाबोचं टोक ५१२ मीटर उंच आहे, त्यावर चर्च आहे, ते लांबून दिसतं. ते पाठीशी घेऊन उतार धरलास की कधी ना कधी बंदर येणारच.

एशांपले भागात याची खरी गरज पडेल. इल्देफोन्स सेर्दा नावाच्या इंजिनिअरने १८५९ साली आखलेला तो भाग आहे. सगळे चौक एका मापाचे, प्रत्येकाचे कोपरे तिरके छाटलेले, त्यामुळे एक चौक दुसऱ्यासारखाच दिसतो. रस्ता ओलांडायलाही सरळ जाता येत नाही, कोपऱ्याच्या आत वळून पट्ट्यांवरून जावं लागतं. फोनच्या नकाशात डोकं घालून चाललीस तर काहीच दिसणार नाही. निघण्याआधी नकाशा पाहून घे, दोन-तीन मोठे रस्ते मनात धर आणि फोन पर्समध्ये टाक.

प्रदर्शनाच्या पहिल्या संध्याकाळी कुठे जायचं तेही सांगते. फिराजवळच्या एउरोपा-फिरा स्टेशनवरून एल-८ लोकल पकड आणि प्लासा एस्पान्याला उतर. तिथून पारालेल हा रस्ता बंदरापर्यंत सरळ जातो. अक्षांशाच्या रेषेवर आखलेला, पश्चिमेकडून पूर्वेकडे. संध्याकाळी ऊन पाठीवर येतं आणि समोरचं सगळं स्वच्छ दिसतं. दोन किलोमीटरच्या आसपास चाल आहे, भाट्याच्या पुलावर फेऱ्या मारणाऱ्या मुलीला काहीच नाही. टोकाला द्रासानेस, म्हणजे मध्ययुगातली जहाजं बांधायची जागा. दगडी कमानींचे लांबच लांब हॉल आहेत, आता त्यात सागरी संग्रहालय आहे. लेपांतोच्या १५७१ सालच्या लढाईतल्या गलबताची पूर्ण आकाराची प्रतिकृती आत उभी आहे. ते बंद झालेलं असलं तरी हरकत नाही, पुढे चालत राहा. कोलंबसाचा खांब, मग धक्का, मग बार्सेलोनेता ही अठराव्या शतकात वसवलेली कोळी-खलाशांची वस्ती. अरुंद गल्ल्या, बाल्कनीत वाळत घातलेले कपडे आणि पलीकडे मासेमारीचं बंदर. पूर्वी दीपगृह असलेला घड्याळाचा मनोरा त्याच बंदरात आहे. जाळ्यांचे ढीग आणि डिझेलचा वास येईल तिथे जरा थांब. बाकी सगळं शहर त्या किनाऱ्याकडे पाठ करून बसलेलं होतं. मध्ये रेल्वे आणि कारखाने होते. १९९२ च्या ऑलिम्पिकच्या निमित्ताने ते हटवले, वाळू आणून टाकली आणि आज दिसतात ते किनारे तयार झाले. आपल्याकडे बंदरं वाढवण्याच्या गोष्टी सारख्या चालू असतात, म्हणून हे पाहून घे. शहर समुद्राशी कसं वागतं आणि कोळ्यांना त्यात किती जागा उरते, हे तिथे चालताना समजतं.

बाजार. तू निघालीस ती खरं तर यासाठीच, असं मी मानते. रांबला या रस्त्यावरची बोकेरिया सगळे सांगतील आणि तू जाशीलही. पुढच्या गाळ्यांवर पर्यटकांसाठी फळांच्या रसाचे रंगीत पेले मांडलेले असतात. तिथे रेंगाळू नकोस, सरळ मध्यभागी जा, मासळी तिथे आहे. सोमवारी जाऊ नकोस, आदल्या दिवशी लिलाव नसल्यामुळे बरेच गाळे बंद असतात. त्याहून मला सांता कातरिनाचा बाजार आवडतो. रंगीत फरशांचं लाटांसारखं छप्पर आहे आणि घरचा बाजार करणारे लोक तिथे जास्त भेटतात. शुक्रवारची सकाळ त्यासाठी राखून ठेव.

तिथे काय पाहायचं? पहिल्यांदा, विकणाऱ्या बाया. गाळ्यावर सुरी चालवणाऱ्या बऱ्याच बायका असतात आणि गिऱ्हाइकाशी त्यांची वागणूक पाहिलीस की आपलं मिरकरवाड्याचं बंदर आठवेल. मग गिऱ्हाईक पाहा. ते काय बोटाने दाखवतं, काय साफ करून मागतं, किती घेतं. सेपियाचा, म्हणजे म्हाकुलाचा, ताजा भाव, बर्फातून सोडवून ठेवलेल्या मालाचा भाव आणि दोन्हीत किती फरक, हे वहीत उतरव. फोटो काढण्याआधी विचार. ‘बोन दिया’ म्हणायचं, फोन दाखवायचा आणि मान हलली तरच काढायचा. विचारून काढलेल्या फोटोत माणसं वेगळीच हसतात.

लिलावाची एक गंमत तुला ठाऊक असायला हवी. आपल्याकडे बोली खालून वर चढते. त्या किनाऱ्यावरच्या बंदरांत भाव वरून सुरू होतो आणि फळ्यावर आकडा उतरत जातो. ज्याने पहिल्यांदा बटण दाबलं, माल त्याचा. थांबला तर स्वस्त मिळेल, पण दुसरा घेऊन जाईल. तुझ्यासमोर टेबलाच्या पलीकडे बसणारे बायर या पद्धतीत मुरलेले आहेत. ते गप्प बसतात तेव्हा आपली माणसं घाबरून भाव उतरवतात. तू उतरवू नकोस.

आणखी एक काम आहे. कुठल्याही सुपरमार्केटात जाऊन फ्रीझर उघड आणि सेपियाचं पाकीट उलटं कर. मागच्या बारीक अक्षरांत माशाचं शास्त्रीय नाव, पकडण्याची पद्धत आणि पकडल्याचा भाग छापलेला असतो, तिथला कायदाच तसा आहे. ‘सेपिया फराओनिस’ आणि शेजारी एफएओ ५१ दिसलं की थांब. एफएओ ही संयुक्त राष्ट्रांची अन्नसंघटना समुद्राच्या भागांना आकडे देते, ५१ म्हणजे हिंदी महासागराचा पश्चिम भाग, आपला अरबी समुद्र त्यातच येतो. ओमान-येमेनचा मालही त्याच आकड्याखाली येतो, म्हणून लगेच आपलंच समजू नकोस. शिक्का शोध, बहुधा तो अंडाकृती असतो. त्यात देशाची दोन अक्षरं आणि प्लांटचा नंबर असतो. भारताची अक्षरं असतील तर पाकीट इथेच भरलेलं, स्पेनची असतील तर तिथे पुन्हा भरलेलं. पाकिटावरची किंमत आणि आपण लावलेला भाव शेजारी शेजारी लिही. मधली रक्कम कुणाकुणाच्या खिशात जाते, याचा विचार विमानात कर.

आणि खा. आर्रोस नेग्रे नावाचा काळा भात मिळतो. म्हाकुलाची जी शाई आपण दोन पाण्यांनी धुऊन टाकतो, तिच्यातच ते तांदूळ शिजवतात. आपला माणूस दचकतो, पण चव समुद्राची आहे, तुला आवडेल. दुपारचं जेवण तिथे दोननंतर असतं. कामाच्या दिवशी ‘मेनू देल दिया’ मागितलास तर ठरलेल्या पैशात पोटभर होतं. रात्री नऊच्या आधी स्थानिक लोक जेवायला बसत नाहीत. वरणभाताची फारच आठवण झाली तर रावाल भागात पाकिस्तानी, बांगलादेशी, पंजाबी माणसांची दुकानं आहेत, हिंदीत बोलून चहा मिळतो. एकदा जरूर जा. रोज मात्र तिथेच जाऊन बसू नकोस. अंधार पडल्यावर तिथल्या आतल्या गल्ल्यांतून एकटी फिरू नकोस, हे आईसाठी नाही, माझ्यासाठी ऐक.

चोरांचं म्हणशील तर मारहाण क्वचित, हातचलाखी फार. मेट्रोच्या दाराशी फोन हातात धरून उभी राहू नकोस, दार बंद होता होता ओढून नेतात. कॅफेच्या टेबलावर फोन ठेवू नकोस, पर्स खुर्चीला अडकवू नकोस. कुणी तुझ्या जॅकेटवर डाग पडलाय असं सांगून पुसायला आला तर पर्स घट्ट धर आणि चालू लाग. पासपोर्टची प्रत वेगळ्या बॅगेत आणि मेलमध्ये ठेव. मदतीचा नंबर ११२. मेट्रोसाठी टी-कॅज्युअल हे दहा फेऱ्यांचं तिकीट घे, पण विमानतळाच्या मेट्रोला ते चालत नाही. ४६ नंबरच्या बसला चालतं.

रविवारी दुपारी पोचशील आणि झोप येत असेल, तरी झोपू नकोस. प्लासा देल रे या चौकात शहराच्या इतिहासाचं संग्रहालय आहे, रविवारी तीननंतर प्रवेश फुकट असतो. लिफ्टने खाली उतरलं की चौकाच्या पोटात रोमन गाव लागतं. रस्ते, धोब्याची जागा, दारूचे हौद आणि मासळी खारवायचा कारखाना. मासे आणि मीठ मुरवून ते गारुम नावाचा खारा रस बनवत, त्याचे हौद अजून तसेच आहेत. मीठ लावून मासळी लांब पाठवायची, हा धंदा त्या गावात रोमन काळातही चालायचा. त्या हौदांपाशी जितका वेळ उभं राहावंसं वाटेल तितका राहा. आपल्या कामाबद्दल ‘मच्छीत नोकरी करते’ असं खालच्या आवाजात सांगणाऱ्या आपल्याकडच्या मुली मला माहीत आहेत. तू तशी नाहीस, पण तिथे गेल्यावर आवाज आणखी खणखणीत होईल.

प्रदर्शनात बायरसमोर बसशील तेव्हा हे सगळं कामाला येतं. बाजारात सेपिया कसा होता, कुठल्या आकाराला मागणी दिसली, काळा भात कुठे खाल्ला, हे तू बोललीस की तो कागदावरून नजर उचलतो. आपला गाव, आपलं जेवण पाहून आलेल्या माणसाशी कुणीही वेगळं बोलतो. भाव लगेच वाढत नाही, पण पुढच्या वर्षी तो तुला नावाने ओळखतो.

सामानाचं राहिलंच. हंगाम आहे, त्यामुळे घरचे तुझ्या बॅगेत हापूस कोंबतील. नेऊ नकोस. बरोबर नेलेल्या ताज्या फळांना तिथे वनस्पती-आरोग्याचा दाखला लागतो. फळमाशीमुळे २०१४ च्या मेमध्ये युरोपने आपला आंबाच बंद केला होता, २०१५ मध्ये उठवला, तेव्हा बागायतदारांचे काय हाल झाले ते तुझ्या मामाला विचार. दुधाच्या पदार्थांनाही मनाई आहे, त्यामुळे पेढे नकोत. काजूगर आणि आंबापोळी ने, बायरला तीच दे.

एक काम माझ्यासाठी कर. आपल्या शेडमध्ये बर्फात हात घालून म्हाकूल साफ करणाऱ्या बायकांनी ते पाकीट दुकानात मांडलेलं कधी पाहिलेलं नाही. त्यातल्या कित्येकींनी उभा जन्म हेच काम केलं. बाजाराचे, गाळ्यांवरच्या बायकांचे, फ्रीझरचे, काळ्या भाताच्या ताटाचे फोटो काढ आणि किंमत दिसेल असे काढ. परत आलीस की मला कळव. पाळी बदलते त्या वेळी कँटीनमध्ये सगळ्यांना मोठ्या पडद्यावर दाखवू. मॅनेजरशी मी बोलून ठेवते, पडदा आणि चहाचं मी बघते. बोलायचं तू.

तुझी,
काकी