वाढत्या वीजबिलासाठी दरमहा किती रक्कम बाजूला काढावी?

आपला प्रश्न असा आहे की, वर्ध्यात भाड्याच्या घरी राहत असून पगार ३२,००० रुपये आहे, हिवाळ्यात अकराशेच्या आसपास येणारे वीजबिल उन्हाळ्यात पाच हजारांवर जाते, जूनमध्ये त्यातच मुलांच्या शाळेचा खर्च येतो आणि पुढे दर वाढतील अशी धास्ती आहे. तेव्हा आतापासून, म्हणजे नोव्हेंबरपासून, दरमहा किती रक्कम बाजूला काढावी आणि ती वीज कंपनीकडे आगाऊ भरावी की स्वतःजवळ ठेवावी? मी अकोल्याची. आमचेही घर पाच माणसांचे, एक एसी आणि एक कूलर असलेले आहे, आणि आपले आकडे आमच्या आकड्यांशी इतके जुळतात की आमचाच हिशेब मांडला तरी आपल्या उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट म्हणजे बिलाचा विचार महिन्याचा न करता वर्षाचा करावा. महावितरणच्या बिलावर मागील महिन्यांचा वीजवापर छापलेला असतो, त्यावरून बारा महिन्यांची युनिटे एका कागदावर उतरवून काढावीत. आमच्याकडे जुलै ते फेब्रुवारी दरमहा साधारण १२० युनिटे लागतात, मार्चला १९०, एप्रिलला ३४०, मेमध्ये ४१० आणि जूनमध्ये ३००. २०२४-२५ च्या घरगुती दराने, स्थिर आकार (वापर कितीही असो, दरमहा लागणारी ठरावीक रक्कम) आणि १६ टक्के वीज शुल्क धरून, १२० युनिटांचे बिल सुमारे १,१०० रुपये होते, तर ४१० युनिटांचे सुमारे ५,५००. वापर साडेतीन पटही झालेला नाही, पण बिल पाचपट झाले. हे कोडे ज्याला उलगडले त्याला उन्हाळ्याच्या बिलावर काही तरी उपाय करता येतो, म्हणून त्यावर थोडे विस्ताराने लिहिते.

घरगुती वीज टप्प्याटप्प्याने महाग होत जाते. त्या वर्षी वहन आकारासह, म्हणजे वीज तारांवरून घरापर्यंत आणण्याचा आकार धरून, पहिल्या १०० युनिटांना ५.८८ रुपये, १०१ ते ३०० पर्यंतच्या युनिटांना ११.४६ रुपये आणि ३०१ ते ५०० पर्यंतच्या युनिटांना १५.७२ रुपये असा दर होता. आपला वापर ४१० झाला म्हणून सगळी ४१० युनिटे महाग होत नाहीत. पहिली शंभर स्वस्तच राहतात, मात्र शेवटची ११० युनिटे तिसऱ्या टप्प्याच्या चढ्या भावाने मोजली जातात आणि शुल्कासह त्यांचेच दोन हजार रुपये होतात. म्हणून बचत करायची ती या शेवटच्या युनिटांची. देवघरातला दिवा मालवून किंवा मुलांना अभ्यासाच्या वेळी बल्बावरून रागावून काहीही साधत नाही, हे मी अनुभवाने आणि आग्रहाने सांगते. दर बदलत राहतात, शिवाय इंधन समायोजन आकार (इंधनाच्या खर्चानुसार बिलात लागणारी रक्कम) महिन्यागणिक कमी-अधिक होत राहील, परंतु टप्प्यांची ही रचना ध्यानात असली की नवा दर आला तरी हिशेब त्याच पद्धतीने मांडता येतो.

मेमध्ये वापर ३०० च्या आत ठेवायचा तर दिवसाला दहा आणि आठवड्याला सत्तर युनिटे होतात. आमच्या मीटरखाली खिळ्याला सुतळीने बांधलेली एक वही लटकत असते. माझे सासरे दर रविवारी सकाळी चहाच्या आधी बॅटरी घेऊन मीटरपाशी उभे राहतात, पडद्यावर तारीख आणि वेळ सरकून युनिटांचा आकडा येईपर्यंत थांबतात, तो वहीत टिपतात आणि मागच्या रविवारचा आकडा त्यातून वजा करतात. उत्तर सत्तरच्या वर गेले की त्याखाली तांबडी रेघ ओढली जाते. त्या रेघेनंतरच्या आठवड्यात घरात कोणालाही काही सांगावे लागत नाही. महिना संपल्यावर बिल पाहून हळहळण्यापेक्षा दुसऱ्याच रविवारी कळले तर पुढचे दोन आठवडे हातात असतात.

आता युनिटे कोठे जातात ते पाहू. दीड टनाचा एसी चालू असताना तासाला साधारण एक युनिट घेतो, म्हणजे रोजचे पाच तास धरले तर महिन्याला दीडशे युनिटे होतात. दोनशे वॅटचा कूलर दहा तास चालला तरी दोनच युनिटे लागतात. आपल्या विदर्भाच्या कोरड्या उन्हात कूलर उत्तम काम देतो, म्हणून मार्चमध्येच त्याच्या ताट्या बदलून घ्याव्यात आणि दुपार कूलरवर काढून एसी फक्त रात्री झोपण्यापुरता, २६ अंशांवर, पंख्याच्या जोडीने लावावा. एसीचे तापमान वाढवून ठेवल्यास प्रत्येक अंशामागे सुमारे सहा टक्के वीज वाचते, असे केंद्राचे ऊर्जा मंत्रालय सांगते. एसी रोज दीड तास कमी चालवला तर महिन्याला ४५ युनिटे वाचतात आणि वरच्या टप्प्यातली ती ४५ युनिटे म्हणजे आठशे रुपये आहेत. जुने पंखे ७५ वॅटचे असतील तर दिवसभर फिरणारा एक तरी पंखा ३० वॅटच्या नव्या प्रकारचा घ्यावा. छतावरच्या सौर पॅनेलसाठी २०२४ पासून केंद्राचे अनुदान मिळते, पण भाडेकरूला त्याचा उपयोग नाही, म्हणून ते येथेच सोडते.

आता पैशांकडे येते. वर दिलेल्या वापराची वर्षभराची बिले बेरजेला सुमारे २४,००० रुपये होतात, म्हणजे महिन्याला सरासरी दोन हजार. एप्रिल, मे आणि जून या तीन महिन्यांच्या वापराची बिले या सरासरीपेक्षा एकूण ७,२०० रुपयांनी जास्त येतात. दर वाढतील या शंकेपोटी वर्षाच्या बिलावर दहा टक्के, म्हणजे २,४०० रुपये, आणखी धरावेत. त्यामुळे उन्हाळ्यासाठी ९,६०० रुपये तयार हवेत. येथे एक बारकावा आहे. मे महिन्यात वापरलेल्या विजेचे बिल जूनमध्ये हातात पडते, नेमके वह्या-पुस्तके आणि गणवेश घ्यायच्या वेळी, आणि आपली ओढाताण होते ती याच महिन्यात.

ही रक्कम आगाऊ भरावी का, यावर माझे मत स्पष्ट आहे. आगाऊ भरता येते, आणि घर बंद ठेवून दोन-तीन महिने गावी जाणाऱ्याला ती सोय चांगली आहे. परंतु आपल्यासारख्या मोजक्या पगाराच्या घराने रक्कम स्वतःच्या नावे बँकेच्या आवर्ती ठेवीत, म्हणजे दरमहा ठरावीक हप्ता भरायच्या ठेवीत (आरडी), ठेवावी. घरात दुखणेखुपणे आले तर ठेव मोडता येते, बिलात भरलेले पैसे दवाखान्याच्या कामी येत नाहीत. नेहमीच्या बचत खात्यात मात्र ही रक्कम ठेवू नये. मी एक वर्ष तसे केले, दिवाळीत त्यातूनच खर्च झाला आणि मे महिन्याचे बिल भरायला मला धाकट्या जावेकडे हात पसरावा लागला. ते पैसे ऑगस्टपर्यंत फिटले नव्हते आणि तो संकोच अजून आठवतो.

बिल आल्यावर ते लगेच भरावे. बिलाच्या तारखेपासून सात दिवसांत भरल्यास सुमारे एक टक्का सूट मिळते आणि मुदत उलटली तर सव्वा टक्का विलंब आकार लागतो. दोन्ही रकमा बिलावर छापलेल्या असतात. बिल चुकीचे वाटले तरी ते तसेच पडू देऊ नये. विद्युत अधिनियम २००३ च्या कलम ५६ प्रमाणे पुरवठा तोडण्यापूर्वी पंधरा पूर्ण दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते, आणि वाद असल्यास मागितलेली रक्कम किंवा मागील सहा महिन्यांच्या सरासरीइतकी रक्कम, यांपैकी जी कमी असेल ती, हरकत नोंदवून भरता येते.

उन्हाळ्याच्या सुमारास अतिरिक्त सुरक्षा ठेवीचे एक वेगळे बिलही येऊ शकते. तो दंड नव्हे. वर्षभराच्या सरासरीनुसार साधारण दोन महिन्यांच्या बिलाइतकी ठेव ग्राहकाकडून घेतली जाते, तिच्यावर व्याज मिळते आणि फरकाची रक्कम हप्त्यांत भरता येते. आपण भाडेकरू असल्यामुळे मीटर घरमालकांच्या नावे असेल, तर ती ठेव त्यांची आहे आणि ती भरण्याची जबाबदारीही त्यांचीच, हे त्यांच्याशी आताच बोलून घ्यावे, मे महिन्यात बोलायला गेल्यास शब्दाने शब्द वाढतो. दरमहा मूळ बिल आपल्या हाती मिळावे, असेही त्यांना सांगावे.

विजेसोबत स्वयंपाकाच्या गॅसचाही खर्च धरावा, त्याचे काम सोपे आहे. सिलिंडर लावल्याची तारीख दिनदर्शिकेवर लिहावी. पंचेचाळीस दिवस पुरत असेल तर वर्षाला आठ लागतात, आणि सिलिंडरमागे नऊशे रुपये धरले तर महिन्याला सहाशे बाजूला काढले की पुरते.

तेव्हा आपल्यासाठी हिशेब असा होतो. नोव्हेंबर ते एप्रिल असे सहा हप्ते आपल्या हातात आहेत आणि अनेक बँकांत आवर्ती ठेव सहा महिन्यांपासून उघडता येते. पगार जमा होतो त्याच्या दुसऱ्या दिवसाची तारीख देऊन १,६०० रुपयांची ठेव या आठवड्यात उघडावी. ती मेच्या सुरुवातीला हाती येईल, म्हणजे एप्रिलच्या वापराचे बिल येण्याच्या सुमारास. सोळाशे जड जात असतील तर तेराशेंची उघडावी आणि उरलेली तूट मे महिन्यात आठवड्याला सत्तर युनिटांची मर्यादा पाळून भरून काढावी. पुढच्या वर्षी हीच ठेव जुलैत नऊ महिन्यांसाठी उघडली, तर हप्ता हजार-अकराशेंवर येईल.