कॅन्सरचे उपचार वर्षानुवर्षे चालणार असतील, तर त्या काळात भरभरून कसे जगावे?

स्तनाचा कॅन्सर हाडांपर्यंत पोहोचला आहे, गोळ्या यापुढे सुरूच राहतील असे डॉक्टरांनी सांगितले आहे आणि ‘उपचार संपल्यावर करू’ म्हणून बाजूला ठेवलेल्या गोष्टींचे आता काय करायचे, असे तुम्ही विचारले आहे. मी ठाण्यात राहते, माझा आजारही याच टप्प्यावरचा आहे आणि काही वर्षांपासून उपचार घेत आहे, म्हणून अनुभवाने लिहिते. औषधांचे निर्णय अर्थातच तुमच्या डॉक्टरांचे.

‘संपल्यावर’ ही मुदत मनातून काढून टाका, एवढेच माझे मुख्य सांगणे आहे. या टप्प्यावर आजार आटोक्यात ठेवणे हा उपचारांचा हेतू असतो आणि एक औषध चालेनासे झाले की बहुधा दुसरे सुरू केले जाते. त्यामुळे जे करायचे आहे ते उपचारांच्या वेळापत्रकातच बसवावे लागते, आणि त्यासाठी ते वेळापत्रक नीट ओळखावे लागते. मी रोज लेट्रोझोल ही इस्ट्रोजेन हार्मोन कमी करणारी गोळी घेते आणि त्यासोबत पाल्बोसिक्लिब हे कॅन्सरच्या पेशींची वाढ रोखणारे औषध २१ दिवस घेऊन ७ दिवस थांबते. पाल्बोसिक्लिबमुळे रक्तातील, संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी कमी होतात आणि थांबण्याच्या आठवड्यात त्यांना सावरायला वेळ मिळतो. लग्नकार्ये, गावी जाणे, नाटक हे सारे मी रक्ताचा अहवाल पाहून ठरवते. गुढीपाडव्याला कौपिनेश्वर मंदिराची स्वागतयात्रा पेशी कमी असताना आली, तर गर्दीत न शिरता मास्क लावून ओळखीच्या घराच्या गॅलरीतून पाहते, पण पाहते. प्रवासासाठी गोळ्यांच्या या चक्राच्या तारखा थोड्या पुढेमागे करता येतील का, हेही डॉक्टरांना मोकळेपणाने विचारावे. ताप मात्र १००.४ अंश फॅरनहाइट झाला, तर क्रोसिन घेऊन झोपू नका. रात्र असली तरी रुग्णालयाला फोन करा.

थकव्याबद्दल तुम्ही वेगळे विचारले आहे. हा थकवा झोपेने जात नाही. हलक्या, नियमित चालण्याने तो कमी होतो आणि लेट्रोझोलमुळे सकाळी आखडणारे सांधेही मोकळे होतात. मी मासुंदा तलावाभोवती सावकाश फेरी मारते. तुमच्या कोणत्या हाडांना जपायचे आहे आणि किती वजन उचललेले चालेल, हे आधी विचारून घ्या. हाडांसाठी झोलेड्रोनिक ॲसिडचे इंजेक्शन सुरू होणार असेल, तर त्याआधी दात तपासून घ्या, कारण त्या काळात दात काढल्यास जबड्याच्या हाडाला इजा होण्याची शक्यता असते.

सर्वांत अवघड भाग घरचा आहे, असे माझे मत आहे. घरच्यांची माया खरीच असते, परंतु त्या मायेपोटी माणसाच्या हातातले एकेक काम काढून घेतले जाते आणि काही महिन्यांत आपण आपल्याच घरात पाहुणे होऊन बसतो. मला मटारसुद्धा कुणी सोलू देईना. शेवटी मी सर्वांना बसवून सांगितले की जड उचलणे तुमचे, पण भाजी निवडणे, बँकेचे व्यवहार आणि नातीचा अभ्यास माझा. दहावीच्या मुलांची संस्कृतची शिकवणीही मी चालू ठेवली, फक्त दोनऐवजी एकच तुकडी घेते. स्कॅनच्या आधीच्या आठवड्यात भीती फार वाढते आणि तेव्हा मी कोणताही मोठा निर्णय घेत नाही, पण शिकवणी घेते, कारण त्या तासाभरात मुलांना माझ्याकडून फक्त समास सोडवून हवे असतात. नातेवाईक काढे आणि चूर्णे आणून देतील. त्यांचे मन मोडू नका, पण डॉक्टरांना दाखवल्याशिवाय काही घेऊ नका, कारण काही पदार्थांमुळे पाल्बोसिक्लिबचे रक्तातील प्रमाण बदलते.

परळला तपासणीसाठी लोकलने जात असाल, तर दिव्यांगांच्या डब्यातून कॅन्सरच्या रुग्णांनाही प्रवास करता येतो. रुग्णालयाची कागदपत्रे जवळ ठेवा.

शेवटी, दुखणे सहन करत राहू नका. पॅलिएटिव्ह केअर विभाग म्हणजे अखेरच्या दिवसांची सोय, असा समज आपल्याकडे घट्ट आहे आणि त्यामुळे कित्येक जण विनाकारण वेदना काढतात. वेदना, मळमळ, झोप न लागणे, मनाची घालमेल यांवर तिथे मुख्य उपचार सुरू असतानाच मदत मिळते. पुढच्या भेटीत डॉक्टरांकडून त्या विभागाची चिठ्ठी मागून घ्या.