आयटी ऑडिटमध्ये अजाईल नव्याने सुरू करतोयस तर
हे बघ, अख्खं ऑडिट एकदम अजाईल, म्हणजे छोट्या-छोट्या टप्प्यांत, करायला जाऊ नकोस, आधी एकच विषय घे, समज यूजर अ‍ॅक्सेस (सिस्टिममध्ये कोणाला शिरता येतं ते), आणि दोन आठवड्यांचा स्प्रिंट, म्हणजे ठरलेल्या मुदतीचा कामाचा टप्पा, ठेव. स्क्रम या अजाईल पद्धतीचं गाइड स्प्रिंटला एका महिन्यापर्यंत मुभा देतं, पण ऑडिटमध्ये महिना ठेवला की सगळं काम शेवटच्या आठवड्यात ढकललं जातं.

पहिल्याच दिवशी एचआरकडून नोकरी सोडलेल्यांची यादी आणि अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीतून (कंपनीची यूजर अकाउंट्स सांभाळणारी सिस्टिम) चालू अकाउंट्सची यादी माग, शक्यतो एक्स्पोर्ट तुझ्यासमोरच काढायला सांग, नाहीतर यादी पूर्ण आहे कशावरून? मग एम्प्लॉयी आयडीवर दोन्ही जुळव. माणूस गेलाय पण अकाउंट चालू आहे असं दिसलं की लास्ट लॉगिन बघ, ते जायच्या तारखेनंतरचं असेल तर प्रकरण गंभीर आहे, त्याच दिवशी कंट्रोल ओनरला (अकाउंट्स वेळेत बंद होतायत ना हे बघायची जबाबदारी ज्याची, त्याला) सांग, ड्राफ्ट रिपोर्टची वाट बघू नकोस. त्याआधी पुरावा मात्र तारीख-वेळेसकट सेव्ह कर, कारण ते अकाउंट लगेच बंद करतील. बंद केलं तरी फाइंडिंग, म्हणजे ऑडिटमध्ये सापडलेली त्रुटी, राहतंच, प्रोसेस का चुकली ते शोधायचंय ना.

आणि एक, 2001 च्या अजाईल मॅनिफेस्टोत डॉक्युमेंटेशनपेक्षा चालणारं सॉफ्टवेअर महत्त्वाचं म्हटलंय, ते वाचून वर्किंग पेपर्स (ऑडिटमध्ये काय तपासलं त्याच्या नोंदी आणि पुरावे) अर्धवट सोडणारे खूप आहेत. तसं अजिबात करू नकोस, सीनियरचा रिव्ह्यू झाल्याशिवाय टीमच्या बोर्डवरचं त्या कामाचं कार्ड 'डन'मध्ये न्यायचं नाही. स्टँडअपला, म्हणजे रोजच्या छोट्या मीटिंगला, ऑडिटीला (ज्यांचं ऑडिट चाललंय त्यांना) बोलव, पंधरा मिनिटांत अडकलेला डेटा सुटतो, पण फाइंडिंग किती गंभीर त्या रेटिंगची चर्चा त्यांच्यासमोर नको, ते आपल्याच टीमने ठरवायचं.