बांधावर फुलांचे बी टाकले, माजले मात्र गवत

प्रश्न : भोपळा आणि काकडीला फुले भरपूर लागतात, पण कोवळी फळे पिवळी पडून गळतात, काही एका बाजूने वाकडी होतात. मधमाश्या याव्यात म्हणून बांधावर हंगामी रानफुलांचे मिश्र बी फोकले, वर शेणखतही टाकले. फुलांऐवजी गवत माजले. काय चुकले? आणि ही फुले पुढे शेतात तण होतील का?

उत्तर : फळमाशी किंवा पाण्याचा ताण नसेल, तर मधमाश्या कमी येऊन परागीभवन अपुरे पडत असल्याची तुमची शंका योग्य आहे. या वेलींत नर आणि मादी फुले वेगळी असतात. पराग जड व चिकट असल्याने तो वाऱ्याने जात नाही, कीटकच न्यावा लागतो. पराग कमी पडला की ज्या बाजूचे बी भरत नाही ती बाजू खुरटते, फळ वाकडे होते. या हंगामापुरते सकाळी ताजे नर फूल खुडा, पाकळ्या काढा आणि मधला परागदांडा मादी फुलाच्या मध्यभागी हलकेच फिरवा. मागे इवले फळ असलेले ते मादी फूल. भोपळ्याचे फूल दुपारपर्यंत मिटते, त्यामुळे हे काम लवकरच उरकायला हवे.

आता बांधाचे. पहिली चूक शेणखताची. रानफुले हलक्या जमिनीतही चांगली येतात; खताचा खरा फायदा गवत उचलते. दुसरी चूक म्हणजे तणाचे बी जिवंत असताना केलेली पेरणी. यावर माझा सगळ्यात जास्त भर आहे, कारण बहुतेक पट्टे इथेच फसतात. आधी हरळी, लव्हाळा मुळासकट काढा. जमीन भुसभुशीत करून पाणी द्या आणि थांबा. तण उगवून दोन पानांवर आले की खुरप्याने वरवर खरवडा. खोल खणू नका, खालचे नवे बी वर येते. जमले तर हे पुन्हा एकदा करा. मग वाफसा आल्यावर, म्हणजे माती ओलसर पण चिखल नसलेली झाली की, पेरा.

बारीक बी कोरड्या वाळूत मिसळून फोका. वाळूमुळे कुठे पडले तेही दिसते. बारीक बी मातीखाली गाडू नका, फळीने नुसते दाबा. सूर्यफुलासारखे मोठे बी मात्र दोन-तीन सेंटिमीटर खोल चालते. उगवण होईपर्यंत झारीने पाणी द्या, पाटाने सोडले तर बी वाहून एका कोपऱ्यात जमते.

एकेरी कॉसमॉस, एकेरी झेंडू, सूर्यफूल, कारळे, तीळ, मोहरी, धने, शेपू यांतले हंगामाला साजेसे घ्या. भरगच्च दुहेरी झेंडू दिसायला देखणा, पण त्यात कीटकांच्या हाती फारसे काही लागत नाही. धने-शेपूच्या उघड्या, उथळ फुलांवर फुलमाश्या येतात आणि त्यांच्या अनेक जातींच्या अळ्या मावा खातात, हा वेगळा फायदा. एकेका जातीचे ठळक पुंजके करा. मधमाशी एका फेरीत बहुधा एकाच जातीची फुले धरून चालते. दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने पेरलेत तर वेल फुलायच्या आधीपासून बांधावर फुले राहतील.

तणाची काळजी रास्त आहे. ओळखीच्याच जातींचे बी घ्या, अनोळखी मिश्रण टाळा. फार पसरणाऱ्या झाडांची फुले बी धरण्याआधी छाटा, बाकीच्यांचे बी पुढच्या पेरणीसाठी राखा. बांधाचा एक उघडा, कोरडा तुकडा न खणता सोडा, कारण एकट्या राहणाऱ्या अनेक जातींच्या मधमाश्या जमिनीतच घर करतात. आणि फुलांच्या पट्ट्यावर कीटकनाशक अजिबात नको. पिकावर फवारणी टाळताच येत नसेल, तर मधमाश्यांना कमीत कमी घातक औषध निवडा, संध्याकाळी माश्या परतल्यावरच फवारा आणि वारा बांधाकडे वाहत असेल तर त्या दिवशी थांबा.