प्रश्न वाचकांचे : डोंगरातल्या सोबत्याची आठवण

ट्रेकिंगच्या ग्रुपमधला जीव लावणारा माणूस गेला की मागे राहिलेल्यांना त्याच्यासाठी काहीतरी करावंसं वाटतं, आणि नेमकं काय करावं हे सुचत नाही. या विषयावर नागपुरातून आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रं इथे घेतली आहेत.

ह्यांना जाऊन चार महिने झाले. सातपुडा आणि सह्याद्री, दोन्हीकडे ह्यांची बरीच भटकंती झाली होती. दोर, हार्नेस, हेल्मेट, तंबू, बूट, स्लीपिंग बॅग सगळं माळ्यावर तसंच आहे. ह्यांच्या हाताखाली शिकलेली मुलं म्हणतात, "काकू, काकांचं सामान आम्ही वापरू." माझी ना नाही. पण सगळं देता येईल का? (त्रिमूर्तीनगर)

ताई, सामानाचे आधी दोन ढीग करा. ज्याच्यावर माणसाचा जीव टांगलेला असतो ते सगळं एकीकडे: दोर, हार्नेस (कमरेला बांधायचा पट्टा), स्लिंग (पट्टीचा फास), हेल्मेट, कॅरॅबिनर (दोर अडकवायची धातूची कडी). बाकीचं दुसरीकडे.

पहिल्या ढिगातलं नायलॉनचं काहीही चढाईसाठी कुणालाच देऊ नका, मुलांनी कितीही आग्रह केला तरी. दोर आणि हार्नेस न वापरता नुसते ठेवले तरी साधारण १० वर्षांनी बाद करा, असं बनवणाऱ्या बहुतेक कंपन्याच सांगतात. तारीख दोराच्या टोकावरच्या पारदर्शक आवरणाखाली असते, हार्नेसला आतल्या बाजूने शिवलेल्या लेबलवर असते. तारीख अलीकडची निघाली तरी त्या दोराने किती पडझड झेलली, तो कुठल्या कपारीवर घासला, हे फक्त काकांना ठाऊक होतं. त्यात आपला नागपूरचा माळा. मे महिन्यात बाहेर पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा पत्र्याखाली किंवा तापलेल्या स्लॅबखाली काय होत असेल याचा विचार करा. आणखी एक गोष्ट जरूर बघा: दोर कधी इन्व्हर्टरच्या बॅटरीजवळ ठेवला होता का? बॅटरीतलं आम्ल नायलॉन आतून खातं आणि वरून काही दिसत नाही. दोर चिमटीत दुमडून बघायची जी पद्धत आहे, तिने आतला गाभा कुठे तुटला असेल तर कळतं. त्या जागी दोर चपटा होतो, कागदासारखी घडी पडते. आम्लाने झालेली खराबी मात्र या तपासणीत सापडेलच असं नाही.

मग दोराचं काय करायचं? दोन-दोन मीटरचे तुकडे करा. जिथे कापायचं तिथे आधी चिकटपट्टीचे दोन-तीन घट्ट वेढे द्या, वेढ्याच्या मधोमध धारदार सुरीने कापा आणि टोक मेणबत्तीवर वितळवून घ्या. ते लगेच बोटाने दाबू नका, वितळलेलं नायलॉन कातडीला चिकटतं. ६० मीटरच्या दोराचे ३० तुकडे होतात. फिगर ऑफ एट, क्लोव्ह हिच, बोलाइन या गाठी शिकायला एवढी लांबी पुरते. काकांनी शिकवलेल्या प्रत्येकाला एकेक तुकडा द्या. अख्खा दोर दिला तर आज आठवण म्हणून भिंतीवर राहील, पण दोन वर्षांनी एखाद्या ट्रेकला दोर कमी पडला की कुणीतरी तोच उचलून नेईल. म्हणून कापायचाच. हार्नेस टाकण्यापूर्वी त्याची पुढची बिले लूपही (कॅरॅबिनर अडकवायचा पट्टीचा फास) कापून टाका.

कॅरॅबिनर धातूचे असल्याने त्यांना तशी मुदत नाही. तरी दोर घासून बोटाला लागेल अशी खाच पडली असेल, गेट पूर्ण मिटत नसेल किंवा उंचावरून पडल्याचं कुणाला आठवत असेल, तर तेही बाद. हेल्मेट घरी ठेवा.

दुसऱ्या ढिगातलं खुशाल द्या, फक्त बूट तपासून. पॉलियुरेथेनचा मधला थर हवेतल्या ओलाव्याने वर्षांनुवर्षं आतून कुजत जातो. कपाटातला कोरा दिसणारा बूट ट्रेकच्या पहिल्याच तासात तळव्यापासून सुटतो. अंगठ्याने दाबून, वाकवून बघा. भुगा पडला किंवा बारीक तडे दिसले तर देऊ नका. तंबूच्या कापडाला आतून चिकटपणा आणि आंबूस वास येत असेल तर त्याचा लेप गेलेला आहे, पाऊस थांबणार नाही. हेडटॉर्चमधल्या बॅटऱ्या आजच काढा. स्लीपिंग बॅग धुऊन दोन दिवस वाळवा आणि छोट्या पिशवीत कोंबून न ठेवता सैल ठेवा. सॅक सगळ्यांत आधी द्या, ती चांगली असेल तर अजून बरीच वर्षं डोंगर चढेल.

आमच्या ग्रुपचे दादा गेल्या हिवाळ्यात गेले. नवख्या मुलांना कळसूबाईला न्यायची त्यांना फार हौस. शिखरावर त्यांच्या नावाची संगमरवरी पाटी लावावी, निदान कातळावर नाव रंगवावं, असं काही जण म्हणतात. परवानगी कुणाची घ्यायची? (मानेवाडा)

परवानगी मागूच नका. कळसूबाई-हरिश्चंद्रगड हे अभयारण्य आहे आणि तिथे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा लागू आहे. गाविलगड किंवा नरनाळ्याचा विचार असेल तर ते केंद्राचे संरक्षित किल्ले आहेत. प्राचीन स्मारकांच्या कायद्यातल्या २०१० च्या दुरुस्तीनंतर अशा वास्तूभोवती १०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आहे, आणि वास्तूवर नाव रंगवणं हा तर थेट गुन्हा आहे. ऑइलपेंट कातळाच्या छिद्रांत मुरतो. पुढे कुणी तारेच्या ब्रशने आणि थिनरने तो काढायला गेलं तरी तिथे पांढुरका डाग राहतो. दगडांची रास रचायचं कुणाच्या मनात असेल तर तेही नको. धुक्यात लोक अशा राशीला वाटेची खूण समजतात आणि कड्याकडे जातात.

पायथ्याच्या बारी गावात मात्र करण्यासारखं खूप आहे. वर कुणाचा पाय मोडला तर पहिली धावतात ती गावातलीच माणसं, आणि पुष्कळदा त्यांच्याकडे बांबू आणि चादर यापलीकडे काही नसतं. दादांच्या नावाने घडीचं स्ट्रेचर आणि प्रथमोपचाराची पेटी गावात ठेवा. पेटी पत्र्याची घ्या, कापडी बॅग उंदीर कुरतडतात. तिच्यात वाकवता येणारे दोन स्प्लिंट (मोडलेल्या हातापायाला आधार द्यायच्या पट्ट्या), १० आणि १५ सेंमीचे क्रेप बँडेज प्रत्येकी चार, त्रिकोणी बँडेज सहा, निर्जंतुक गॉज, हातमोजे, शिट्टी, थर्मल ब्लँकेट आणि ओआरएसची पाकिटं एवढं पुरे. गोळ्या ठेवू नका, मुदत संपते आणि चुकीच्या माणसाला चुकीची गोळी दिली जाते.

अशा पेट्या बहुधा किल्लीपायी वाया जातात. पेटी कुलूपबंद कार्यालयात असते आणि अपघात रविवारी होतो. म्हणून ग्रामपंचायतीला लेखी कळवून पेटी एखाद्या राहत्या घरात ठेवा आणि दुसरी किल्ली शेजारी द्या. स्ट्रेचर उचलायला एका वेळी सहा जण लागतात, बदलीला आणखी सहा. तेव्हा गावातल्या मुलांकडून वर्षातून एकदा उचलण्याचा सराव करून घ्या. ओआरएसच्या तारखा दर सहा महिन्यांनी बघा. दादांचं नाव स्ट्रेचरच्या पट्ट्यावर शिवून घ्या.

भावाची पहिली पुण्यतिथी मेच्या तिसऱ्या आठवड्यात येते. त्या दिवशी पचमढीच्या चौरागडला स्मृती-ट्रेक करायचा विचार आहे. चाळीस जण येतील. आईबाबाही म्हणतात, आम्हीही चढू. दोघंही सत्तरीचे आहेत. (महाल)

मे महिन्यात नको. पचमढी नागपूरपेक्षा थंड असली तरी चौरागडला तेराशेच्या वर पायऱ्या आहेत आणि आईबाबा थांबा म्हटलं तरी थांबणार नाहीत, कारण मुलासाठी चढताहेत. स्मृती-ट्रेकमध्ये नेमका हाच धोका असतो. एरवी अर्ध्यातून परतणारा माणूस त्या दिवशी परतत नाही. उन्हात कुणी असंबद्ध बोलू लागलं, चालताना झोकांड्या जाऊ लागल्या, तर तो थकवा समजू नका. उष्माघात असू शकतो. लगेच सावलीत घ्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ ला फोन करा. घाम येतो आहे म्हणून निर्धास्त राहू नका.

पुण्यतिथीला घरच्यांना घेऊन रामटेकला जा. सकाळी सहापर्यंत पोचा. ज्यांना झेपेल त्यांनी अंबाळा तलावाकडून पायऱ्यांनी चढावं, आईबाबांना गाडीने वरपर्यंत नेता येतं. नऊच्या आत खाली या. प्रसादाची पिशवी हातात उघडी धरू नका, माकडं हिसकावतात.

चौरागडचा ट्रेक डिसेंबर-जानेवारीत ठेवा. चाळीस जणांच्या दहा-दहाच्या चार तुकड्या करा, प्रत्येकीला पुढे एक आणि मागे एक अनुभवी माणूस द्या. माणशी तीन लिटर पाणी घ्या. परतायची वेळ आधीच ठरवा आणि ती सगळ्यांना सांगा. भाषणं, फोटोला हार, दोन मिनिटं शांतता हे सगळं आदल्या संध्याकाळी मुक्कामी उरकून घ्या. शिखरावर घामाने ओलं अंग गार पडतं, माणसं हळवी होतात आणि तशीच पायऱ्या उतरू लागतात. पाय घसरतो तो उतरतानाच.

अस्थी पचमढीच्या धूपगडावर विसर्जित कराव्यात, अशी वडिलांची इच्छा होती. (धरमपेठ)

धूपगडाचा परिसर सातपुडा व्याघ्र प्रकल्पात येतो, तिथे असे विधी करू नका. माथ्यावर वारा असतो, राख बरोबरच्यांच्या अंगावर येते आणि उरलेली खालच्या झऱ्यात जाते. रामटेकच्या अंबाळ्याला अस्थिविसर्जनाची जुनी परंपरा आहे, तिथे करा. धूपगडावर सूर्यास्ताला नुसतं जाऊन या.

मामांच्या सात-आठ डायऱ्या आहेत, मोबाइलमध्ये जीपीएस ट्रॅक (चाललेल्या वाटांच्या नोंदी) आहेत आणि हार्ड डिस्कभर फोटो. ग्रुपला हे सगळं हवं आहे. कसं जपायचं? (प्रतापनगर)

मोबाइल रिसेट करू नका आणि सिम एवढ्यात बंद करू नका, कित्येक खाती ओटीपीशिवाय उघडत नाहीत. ट्रॅक जीपीएक्स फाइल म्हणून बाहेर काढा आणि नावात तारीख, सुरुवातीचं गाव आणि शेवटचं ठिकाण लिहा. 'ट्रॅक १७' वरून पुढे कुणालाच काही कळत नाही. डायऱ्यांची पानं ३०० डीपीआयला स्कॅन करा, कोरी पानंसुद्धा, म्हणजे क्रम चुकणार नाही. सगळ्याच्या दोन प्रती दोन वेगळ्या घरांत ठेवा.

फोटोंचं काम आधी करा. ग्रुपमधल्या ज्येष्ठांना एकत्र बसवून कोण, कुठे, कोणत्या साली ते लिहून घ्या. ही माहिती फक्त त्यांच्याच डोक्यात आहे आणि तीही कमी होत चालली आहे. घरगुती मजकूर असलेली पानं मामींनी वाचून वेगळी काढावीत, त्यानंतरच बाकीचं ग्रुपला द्यावं. अभयारण्याच्या गाभ्यातून जाणारे आणि गिधाडांच्या घरट्यांजवळचे ट्रॅक कुणालाच पाठवू नका.

डायऱ्यांमधल्या पाण्याच्या नोंदी स्वतंत्र काढा: कोणतं टाकं, कोणता झरा, कोणत्या महिन्यात पाणी होतं. प्रत्येक नोंदीपुढे मूळ तारीख ठेवा, कारण पंधरा वर्षांपूर्वी मार्चमध्ये भरलेलं टाकं आज गाळाने बुजलेलं असू शकतं. येत्या फेब्रुवारी-मार्चमध्ये ग्रुपमधल्या नव्या मुलांनी त्यांतली जमतील तेवढी ठिकाणं प्रत्यक्ष बघावीत आणि मामांच्या नोंदीखाली आपली तारीख घालावी.