ऑस्करच्या मोसमात बायकांचे सिनेमे मागे का राहतात?

बायकांनी केलेले किंवा बायकांभोवती फिरणारे सिनेमे पुरस्कारांच्या याद्यांत इतके कमी का दिसतात, ते मुळात तेवढ्या ताकदीचे नसतात का, असं तुम्ही विचारलंय. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते: नाही. माझ्या मते खरी गळती पुरस्काराच्या रात्री होत नाही, नामांकनांच्या वेळी होते, आणि तिकडे आपलं फारसं लक्ष जात नाही.

२०२४ चं ऑस्कर घ्या. सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या दहा नामांकनांत तीन सिनेमे स्त्री दिग्दर्शकांचे होते: ‘बार्बी’, ‘पास्ट लाइव्ह्ज’ आणि ‘अ‍ॅनाटॉमी ऑफ अ फॉल’. दिग्दर्शनाच्या पाच नावांत मात्र ‘अ‍ॅनाटॉमी ऑफ अ फॉल’ची जस्टीन त्रिए एकटीच. दहाचे पाच करायचे म्हटल्यावर कोणीतरी गळणारच, हे मान्य. पण या दोन याद्या ठरवणारी माणसंही वेगळी असतात. चित्रपटाच्या नामांकनासाठी अकादमीच्या, म्हणजे ऑस्कर देणाऱ्या संस्थेच्या, सगळ्या शाखा (अभिनेते, लेखक, दिग्दर्शक असे कामानुसार गट) मत देतात, दिग्दर्शकाच्या नामांकनासाठी फक्त दिग्दर्शकांची शाखा. आणि त्या धंद्यात पिढ्यान् पिढ्या पुरुषच होते.

तेव्हा आरडाओरडा झाला तो ‘बार्बी’वरून. दिग्दर्शक ग्रेटा गर्विगला दिग्दर्शनाचं आणि बार्बी झालेल्या मार्गो रॉबीला अभिनयाचं नामांकन नाही, पण तिचा जोडीदार केन झालेल्या रायन गॉसलिंगला आहे! गंमत खरी, पण मला ते उदाहरण तितकंसं पटत नाही. त्या सिनेमाला एकूण आठ नामांकनं होती आणि तो २०२३ मध्ये जगात सर्वाधिक कमाई करणारा सिनेमा होता. त्याच्यासाठी भांडायला माणसं होती. दिग्दर्शनाच्या त्याच यादीतून ‘पास्ट लाइव्ह्ज’च्या सेलीन साँगचं नाव गळलं, त्याबद्दल फार कोणी बोललं नाही.

१९२९ पासून २०२५ पर्यंत दिग्दर्शनाचं ऑस्कर तीनच स्त्रियांना मिळालं: कॅथरिन बिगेलो, क्लोई झाओ आणि जेन कँपियन. नामांकन मिळालेल्या सगळ्या मिळून नऊ. त्यातली पहिली लीना वर्टम्युलर, तीही १९७७ मध्ये. विजेत्यांचे सिनेमे कशाबद्दल होते तेही बघा. बिगेलोचा इराकमध्ये बॉम्ब निकामी करणाऱ्या सैनिकांवर, कँपियनचा एका गुराख्यावर. दोन्ही उत्तम सिनेमे आहेत, पण तिघींपैकी दोघींना हा मान पुरुषांच्या गोष्टी सांगून मिळाला.

म्हणजे तुमच्या प्रश्नात दोन वेगळे प्रश्न आहेत. कॅमेऱ्यामागे कोण आणि गोष्टीच्या मध्यभागी कोण. दुसऱ्याचा हिशोब तर आणखी बोलका आहे. २००६ ते २०२० या पंधरा सोहळ्यांत ज्या सिनेमांना सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान मिळाला, त्यांपैकी फक्त ‘द शेप ऑफ वॉटर’च्या नायिकेला मुख्य अभिनेत्रीचं नामांकन होतं. बाकी चौदांत बाई असलीच तर सहायक भूमिकेत. नायिकेचं बक्षीस स्वतंत्र असल्यामुळे मंचावर बायका दिसतात आणि सगळं ठीक चाललंय असं वाटतं. पण ‘मोठा’ सिनेमा म्हणजे युद्ध, राजा, गुन्हेगार, हेरगिरी. आईमुलीची गोष्ट मात्र ‘छान, हळवी’. ही प्रतवारी मतदारांच्या मनात आधीच झालेली असते. अलीकडे चित्र बदलतंय: २०२१, २०२३ आणि २०२५ मध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपट आणि सर्वोत्कृष्ट अभिनेत्री एकाच सिनेमातून आले. त्यातल्या दोन सिनेमांचे दिग्दर्शक पुरुष होते, हे जाता जाता.

मग पैसा. मतदारांनी सिनेमा बघावा म्हणून स्टुडिओ महिनोन् महिने खेळ लावतात, जाहिराती देतात, कलाकारांना गावोगाव फिरवतात. कमी बजेटच्या सिनेमाला हे झेपत नाही, तो बघितलाच जात नाही. अंतिम मत देण्याआधी त्या विभागातले सगळे सिनेमे पाहिलेच पाहिजेत, हा नियम अकादमीने २०२५ मध्ये केला, पण नामांकनाच्या फेरीला तो लागू नाही. गळती होते ती नेमकी तिथेच.

ऑस्करच्या आंतरराष्ट्रीय चित्रपटाच्या विभागात परदेशी सिनेमांना आणखी एक दार ओलांडावं लागायचं, आपल्याच देशाच्या समितीचं, कारण २०२४ मध्ये प्रत्येक देशाला एकच सिनेमा पाठवता येत होता. पायल कपाडियाच्या ‘ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट’ला २०२४ मध्ये फ्रान्समधल्या कान महोत्सवात ग्रां प्री, म्हणजे तिथला दुसऱ्या क्रमांकाचा पुरस्कार, मिळाला. आपल्या फिल्म फेडरेशनच्या निवड समितीने (सगळे पुरुष) पाठवला तो किरण रावचा ‘लापता लेडीज’. तोही बाईचाच सिनेमा, त्यामुळे इथे सरळ पक्षपाताचा आरोप टिकत नाही. छाया कदम तर दोन्हींत आहेत! पण कपाडियाला पुढे गोल्डन ग्लोबमध्ये दिग्दर्शनाचं नामांकन मिळालं, आणि नामांकनांआधी त्या विभागात निवडल्या जाणाऱ्या पंधरा सिनेमांच्या यादीत ‘लापता लेडीज’ आलाच नाही. त्या यादीत एक हिंदी सिनेमा होता, संध्या सुरीचा ‘संतोष’. तो पाठवला होता ब्रिटनने.