कर्नाटक संगीतातील दोन गायिकांचे सहगायन प्रथमच ऐकताना कशाकडे लक्ष द्यावे?

आपण हिंदुस्थानी संगीत नियमित ऐकता, येत्या डिसेंबरात चेन्नईच्या संगीत महोत्सवात दोन भगिनींचे सहगायन प्रथमच ऐकणार आहात आणि तेथे नेमके काय ऐकावे, असे आपण विचारले आहे. माझ्या मते गायिकांइतकेच लक्ष व्हायोलिनकडे द्यावे. आपल्याकडे पेटी किंवा सारंगी करते तशीच ही साथ असली, तरी येथे वादकाला दोन गळ्यांचा माग काढावा लागतो. आलापनेत एकीने राग उलगडत नेऊन मध्येच दुसरीच्या हाती सोपवला की तिची निराळी फिरत त्याला क्षणार्धात ओळखावी लागते, आणि पुढे त्याच रागाची स्वतःची आलापनाही थोडक्यात मांडावी लागते.

मुख्य कृतीत, म्हणजे मैफलीतील सर्वांत विस्तृत रचनेत, बहुधा नेरवल आणि कल्पनास्वर येतात. नेरवलमध्ये साहित्यातील, म्हणजे रचनेच्या शब्दांतील, एकच ओळ, तिच्या अक्षरांची तालातील जागा शक्यतो न हलवता, नव्या नव्या स्वरावलींत गायली जाते; बोलआलाप ऐकलेल्या श्रोत्याला ते लवकर उमगते. कल्पनास्वरांत सरगम आधी संथ आणि मग दुप्पट लयीत चालते व दर वेळी ठरलेल्या शब्दावर परतते. एक गायिका, दुसरी गायिका आणि व्हायोलिन अशी पाळी फिरत असताना स्वरसमूह पूर्ण आवर्तनावरून अर्ध्यावर, मग पावावर येतात, आणि अखेरीस सारे एकत्र मिळतात. एकट्या गायकाच्या मैफलीत ही देवघेव दोघांत होते, येथे ती तिघांत होते; सहगायनाचे खरे सुख मला तिथेच मिळते.

मृदंगम तबल्यासारखा सतत एकच ठेका धरत नाही, तो कृतीच्या चालीबरोबर वळत जातो, म्हणून ताल आपणच हातावर धरावा. आदि तालाच्या 8 मात्रा सोप्या आहेत: एक टाळी, मग करंगळी, अनामिका, मध्यमा, आणि त्यानंतर टाळी व उलटा हात, असे दोनदा. शेजारचे श्रोतेही तेच करीत असतील. तनी आवर्तनम, म्हणजे तालवाद्यांचे स्वतंत्र वादन, सुरू होताच काही जण उपाहारगृहाकडे निघतात, याचे मला मनापासून वाईट वाटते. मृदंगम आणि घटम (मातीचा घडा) यांच्यातील उत्तरे-प्रत्युत्तरे आखूड होत जाऊन दोघे एकत्र कोरवै, म्हणजे समारोपाची लयबद्ध रचना, वाजवतात आणि गायिका नेमक्या जागी ओळ उचलतात, तो क्षण चुकवू नये.

शेवटच्या छोट्या रचनांत मराठी अभंग येण्याचा संभव आहे. तंजावरात भोसल्यांचे राज्य 1855 पर्यंत होते आणि तिथल्या भजन परंपरेत अभंग रुजले. मुंबईत वाढलेल्या रंजनी-गायत्री भगिनी तर ते आवर्जून गातात. त्यानंतर सौराष्ट्र रागातील मंगलम, म्हणजे समारोपाची मंगल रचना, होऊन मैफल संपते.